एका पायाने चालणारी गाडी

भावाच्या गाडीचा गिअरबॉक्स आमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला तेव्हा आईने एवढंच विचारलं, "मंग आता जेवाचं कुठं?" मी म्हटलं, "खाली बसून. आणि यावर एक शब्द बोलायचा नाही." मी अशीच बोलते. घरात कुणाचा तरी आवाज चढा असावा लागतो, आणि बाबा गेल्यापासून तो माझा आहे.

बाबा रेल्वेत होते. अकोल्याहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. आम्ही दोघं भावंडं इथेच जन्मलो, त्यामुळे आमची मराठी अशी, मतलब अर्धी आईची वऱ्हाडी आणि अर्धी शाळेतली हिंदी. बाबा नोकरीत असतानाच गेले आणि त्यांच्या जागी मला अनुकंपा तत्त्वावर घेतलं. डब्यांच्या ब्रेकचे व्हॉल्व्ह खोलायचे, धुवायचे, तपासायचे, पुन्हा जोडायचे, हे माझं काम. सेक्शनमध्ये मी एकटी बाई. सुरुवातीला सगळे "मॅडमजी, आप बैठिए" करायचे. दोन-चार जणांना चांगलं झाडलं तेव्हा कुठे पाना हातात मिळाला. नोकरीमुळे क्वार्टर सुटलं नाही. तळमजला, पुढे थोडं अंगण, अंगणात बाबांनी उभारलेली पत्र्याची शेड.

त्या शेडमध्ये भावाची गाडी उभी होती. भाऊ माझ्याहून लहान. परदेशी गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजमध्ये कामाला होता आणि तिथूनच त्याने ही पाण्यात बुडालेली जर्मन गाडी भंगाराच्या भावात उचलली होती. तीन लिटरचं टर्बो इंजिन. सुट्टीच्या दिवशी तिच्याखाली आडवा पडून असायचा, जेवायला हाक मारली तरी बाहेर यायचा नाही. इंजिन त्याने जिवंत केलं. पहिल्यांदा मला बसवून आग्रा रोडला घेऊन गेला आणि पाय दाबला, तेव्हा माझी पाठ सीटला चिकटली आणि मी त्याला आईबापावरून शिव्या दिल्या, म्हणजे माझ्याच आईबापावरून. तो खो खो हसत होता. गिअरबॉक्स मात्र तेव्हाच कुरकुरायला लागला होता. इंजिन गुरगुरायचं आणि गाडी जागची हलायची नाही. "थंडी संपली की खोलतो," म्हणाला होता.

थंडी संपायच्या आत टोंक रोडवर बिनदिव्याच्या ट्रॅक्टर ट्रॉलीवर त्याची मोटरसायकल आदळली. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

देशभरातली माणसं पाय बसवून घ्यायला जयपूरला येतात. आमचा हा जयपुरात जन्मला, आणि पाय बसवायला तयार नाही. "मला तो लाकडाचा ठोकळा नको," म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करायचा. मित्र यायचे, हळूहळू यायचे बंद झाले. देवासमोर दिवा लागला की तो दार लावून घ्यायचा. आईने प्रसाद दिला तर ताट सरकवायचा. अंघोळीला चल म्हटलं तरी भांडण. मी भांडायची, कारण मला दुसरं काही येत नाही. आई भांडायची नाही, ती नुसती त्याच्या पायथ्याशी बसून राहायची, जिथे एकच पाय होता.

एक दिवस उशीची खोळ बदलताना आईला आत गोळ्या सापडल्या. दुखण्याच्या, झोपेच्या, रोज घेतो म्हणून सांगितलेल्या. न खाता साठवलेल्या. पदरात बांधून ती माझ्याकडे अंगणात आली. नुसता पदर पुढे केला. त्या दिवसापासून गोळ्या आईच्या पर्समध्ये, आणि आमच्यापैकी एक जण कायम घरात. मी ड्यूटीवर निघाले की आई दाराशी बसून भाजी निवडायची, आई देवळात गेली की मी. भाजी नसली तरी काहीतरी निवडायचो. आम्हाला त्याचा पाय परत नको होता, नोकरी नको होती, लग्न नको होतं. तो सकाळी जिवंत हवा होता, बस. एवढंच मागत होतो आणि तेही मिळेल याची खात्री नव्हती.

अशात एका दुपारी मी कपडे वाळत घालत होते आणि तो खिडकीतून शेडकडे बघत होता. कोणी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "ऑटोमॅटिक आहे ती. डावा पाय लागतच नाही. गिअरबॉक्स धड असता तर चालवली असती."

कित्येक महिन्यांत तो एवढं लांब वाक्य बोलला नव्हता. ओली चादर माझ्या हातातच राहिली.

"मग दुरुस्त करू," मी म्हटलं.

"घरी नाही होत ते."

"का नाही होत?"

"तुला नाही जमणार, ताई."

हे त्याने म्हणायला नको होतं. मला नाही जमणार! मी म्हटलं, "रोज मी जे व्हॉल्व्ह जोडते ना, त्यावर हजारो माणसं झोपा काढत दिल्लीला जातात. तुझ्या त्या डबड्याचं काय सांगतोस मला?" तो भिंतीकडे वळला नाही.

माझ्या सेक्शनमधल्या दोघांनी रविवारी येऊन गिअरबॉक्स खाली उतरवायला मदत केली. भाऊ कुबड्या घेऊन शेडपर्यंत आला, वेताच्या मोढ्यावर बसला आणि ओरडायला लागला. "अरे भैया, पहले कनवर्टर का बोल्ट! ताई, त्याला सांग, आधी कन्व्हर्टर!" त्याचा तो चिडका आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिला वाटलं काहीतरी झालं. झालंच होतं म्हणा. ती दारात उभी राहून ऐकत राहिली आणि गॅसवरचं दूध उतू गेलं.

आमच्याकडे धूळ फार. दार उघडलं की वाळू आत येते, आणि अशा गिअरबॉक्सला धूळ म्हणजे विष. म्हणून तो टेबलावर, आतल्या खोलीत. दाराला ओली चादर, खिडक्या बंद, पंखा बंद. दसऱ्याच्या आधीचा उकाडा, आम्ही दोघं घामाने चिंब. खोलला तेव्हा जळकं तेल असं भपकन आलं की आईने देवघराचं दार लावून घेतलं. क्लचच्या पट्ट्या काळ्या ठिक्कर. भावाने एक पट्टी उचलून वास घेतला आणि म्हणाला, "मेली बिचारी." मग माझ्याकडे बघून ओशाळला. आणि मग हसला. मला रडूच आलं. मी तोंड फिरवून पान्याला तेल लावत बसले.

ते दिवस मला आठवतात ते असे. नवीन पट्ट्या आणि सील दिल्लीहून मागवले. ड्रममधली स्प्रिंग दाबायचं हत्यार कुठेच मिळेना, तर सीतापुऱ्याच्या एका वेल्डरकडून भावाने कागदावर काढून दिलं तसं करवून आणलं. ते इतकं बेढब होतं की तो म्हणाला, "ताई, हे हत्यार आहे की तुझा स्वभाव?" तो जेवायला लागला. दोन पोळ्यांवर तिसरी मागायला लागला. एक दिवस स्वतःहून दाढी केली. पट्ट्या तो स्वतः बसवायचा, बोटाने फट चाचपून, डोळे मिटून. मी बाजूला बसून व्हॉल्व्ह बॉडी धुवायची.

व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे ॲल्युमिनियमची जाड दुपदरी पाटी, आतून सगळ्या नाल्याच नाल्या. कुठलं तेल कुठल्या क्लचला जायचं ते हिच्यातले बोटाएवढे व्हॉल्व्ह ठरवतात. ते माझ्या ओळखीचं काम होतं. मी ती पेट्रोलने धुतली, हवेने फुंकली, पुन्हा धुतली. भाऊ सारखा बजावायचा, "यात केससुद्धा जाता कामा नये. धागा नको, चिंधी नको. पदर लांब ठेव, आई." आई बिचारी पदर खोचून भिंतीला चिकटून चालायची.

धुतलेली व्हॉल्व्ह बॉडी उघडीच ठेवून वरून स्वच्छ कापड टाकलं, कारण दुसऱ्या दिवशी खांडेनवमी होती. आमच्या घरात त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत. आई दरवर्षी बाबांची पेटी पाटावर ठेवते, पाने, हातोडी, कानस सगळं ओळीने मांडते, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. मला सकाळची ड्यूटी होती. दुपारी आले तर माझ्या टॉर्क पान्यालासुद्धा कुंकू लागलेलं. मी हात जोडले, पेढा खाल्ला. तिसऱ्या प्रहरी भाऊ गाढ झोपलेला दिसला, गोळीशिवाय. दसऱ्याला आम्ही कापड काढलं, व्हॉल्व्ह बॉडीचे दोन पदर जोडले, बोल्ट आवळले. पुन्हा धुवायचं काही कारणच नव्हतं. धुवून झाकून ठेवलेल्या वस्तूला घरात कोण हात लावणार?

गिअरबॉक्स पुन्हा वर चढवायला तेच दोघे आले. नवीन तेल भरलं. भाऊ ड्रायव्हरच्या सीटवर बसला, कुबड्या माझ्या हातात. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्याने रिव्हर्स टाकला, गाडी झकास मागे सरकली, अंगणाच्या फाटकापर्यंत. आईने तोंडावर हात ठेवला. मग त्याने पुढचा गिअर टाकला.

काही नाही. इंजिन गुरगुरलं, गाडी हलली नाही. त्याने पुन्हा टाकला, बाहेर काढला, पुन्हा टाकला. पाय दाबला. नुसता आवाज. माझ्या सेक्शनमधले दोघे एकमेकांकडे बघायला लागले. भावाने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला. मी म्हटलं, "तेल कमी असेल." तो म्हणाला, "नाही." मी म्हटलं, "मग काय असेल?" त्याने माझ्याकडे बघितलं. ते डोळे मी ओळखत होते. खोळीतल्या गोळ्यांच्या दिवसांतले होते.

"कुबड्या दे," एवढंच बोलला.

तो खोलीत गेला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं. दाढी वाढली. ताट परत यायला लागलं. मी जाऊन उभी राहिले की म्हणायचा, "विकून टाक ती. भंगारात. मलापण दे सोबत, वजन थोडं वाढेल." माझं डोकं फिरलं. मी ओरडले, की एवढी मेहनत केली ती काय तुझं हे तोंड बघायला, की आई रोज तुझ्या श्वासावर कान ठेवून झोपते ते तुला दिसत नाही का, की लाज वाटू दे. तो शांतपणे ऐकत होता. ओरडून झाल्यावर म्हणाला, "वाटते." आणि डोळे मिटले. मला वाटलं होतं तो उलट ओरडेल. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले, आईला ऐकू जाऊ नये म्हणून.

भीती ही अशी गोष्ट आहे की हात चालू असले तरच ती आवाक्यात राहते. म्हणून मी गिअरबॉक्स पुन्हा उतरवला. तेच दोघे पुन्हा आले, या वेळी चहालाही थांबले नाहीत. पुन्हा टेबल, पुन्हा ओली चादर, पुन्हा खाली बसून जेवण. फक्त काम करताना टेबलापलीकडची त्याची खुर्ची रिकामी. मी त्याच्या दाराशी जाऊन विचारायची, "पुढच्या क्लचची पट्टी उलटी बसली असेल का?" "सील दुमडलं असेल?" उत्तर नाही. आतून कॉटचा आवाज आला की मला बरं वाटायचं, हलला म्हणून. आई दाराशी मेथी निवडत बसलेली असायची, आणि मेथी संपली की तीच पुन्हा निवडायची.

मी सगळे क्लच काढले. एकूण एक पट्टी पाहिली. सगळं ठीक. त्याच्या हातचं काम, त्यात चूक कुठून निघणार? मी वेड्यासारखं पुन्हा जोडलं, पुन्हा खोललं. मग आमच्या सेक्शनची रीत आठवली. ब्रेकचा व्हॉल्व्ह आम्ही डोळ्यांनी तपासत नाही, हवेने तपासतो. पंक्चरवाल्या भैयाकडून हवेची छोटी टाकी आणली. ज्या भोकातून क्लचला तेल जातं तिथे रबर लावून हवा सोडली. ठप्. पट्ट्या घट्ट मिटल्या. हवा काढली, सुटल्या. पुन्हा सोडली. ठप्. क्लच तर उत्तम चालत होता. म्हणजे क्लचपर्यंत तेलच पोहोचत नव्हतं. म्हणजे घोळ त्याच्या कामात नव्हता, माझ्या कामात होता. मी धुतलेल्या व्हॉल्व्ह बॉडीत.

तिचे दोन पदर उघडले. पुढच्या क्लचला तेल पाठवणारा व्हॉल्व्ह अर्ध्यावर अडकला होता. चिमट्याने ओढला तर त्याच्या तोंडाशी काहीतरी बारीक, गुलाबीसर. मी ते बोटावर घेतलं, खिडकीशी नेलं. तांदूळ. अक्षतेचा दाणा, एका टोकाला अजून कुंकू.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. बोट तसंच पुढे धरून मी आईसमोर जाऊन उभी राहिले. "हे काय आहे? कापड उचललंस ना तू? आतमध्ये अक्षता टाकल्यास? केस जाऊ देऊ नका म्हणून तो घसा फोडून सांगत होता आणि तू तांदूळ घातलास? तुझ्या या पूजेपायी तो पोरगा..."

आईने दाण्याकडे बघितलं. मग बंद दाराकडे. मग मला हाताला धरून अंगणात नेलं, पार तुळशीपाशी.

"मी नाई व उचललं," ती हळू म्हणाली. "त्यानंच उचललं. मी आपली पेटीची पूजा करत होती. तं आला कुबड्या घेऊन. म्हणे, आई, इथंबी लाव. म्हटलं, अरे बाप्पा, तूच म्हणतं केस नको. म्हणे, लाव तू, अंदर लाव. त्यानंच कापड धरलं वर. मी चिमूटभर टाकल्या अन् त्यानं हात जोडले. डोळे मिटून उभा होता किती वेळ, एका कुबडीवर. मंग त्यानंच येक येक दाणा येचून काढला. म्हणे, ताईले सांगू नको, ओरडीन ते."

मी तुळशीच्या कट्ट्यावर बसले. देवाचा दिवा लागला की दार लावून घेणारा माझा भाऊ. यात केससुद्धा जाता कामा नये, हे आमच्यात सगळ्यात जास्त कळणारा माझा भाऊ. त्यालाच ते कळत होतं आणि तरी त्याने कापड वर धरलं. गाडी चालावी असं त्याला इतकं वाटत होतं. आणि पुढचा गिअर पडला नाही तेव्हा त्याच क्षणी त्याला समजलं असणार, की एक दाणा राहिला आहे आणि तो आपल्या हाताने गेला आहे. म्हणून ते डोळे. म्हणून ते "वाटते". मी त्याला लाज वाटू दे म्हणाले होते.

"अन् तू मला हे आज सांगतेस?" मी आईला म्हटलं, पण आवाज चढला नाही.

"गाडी कायनं बंद पडली ते मले कसं कळीन, बाई?" ती म्हणाली. "मले वाटलं, देवानंच आयकलं नाई."

मी दाणा तुळशीत टाकला, हात धुतले आणि भावाच्या खोलीत गेले. "सापडलं," मी म्हटलं. "व्हॉल्व्ह अडकला होता. तुझ्या पट्ट्या एकदम बरोबर आहेत."

तो भिंतीकडेच बघत होता. "कशाने अडकला?"

"कचरा होता थोडा."

मग तो वळला. माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मी पहिल्यांदा आयुष्यात नजर खाली घातली. "कचरा नको म्हणूस, ताई," तो म्हणाला. यावर आम्ही नंतर कधीच बोललो नाही.

पण तो बाहेर आला नाही. दुसऱ्यांदा सगळं मी एकटीनेच जोडलं, क्लचसुद्धा, फटीसुद्धा. त्याच्यासारखं डोळे मिटून चाचपायचा प्रयत्न केला, मला काही कळलं नाही, अंदाजाने बसवलं. गाडी पुन्हा उभी राहिली तेव्हा आई लिंबू घेऊन आली, चाकाखाली ठेवायला. "आता काहीही लावू नकोस!" मी किंचाळले. ती लिंबू पदराआड घेऊन उभी राहिली. भावाला मी जवळजवळ ओढतच आणलं. त्याने पुढचा गिअर टाकला. गाडी सरकली. पुढे. फाटकाबाहेर.

आई टाळ्या वाजवत होती. तो हसला नाही. "आग्रा रोडला जाऊन येतो," म्हणाला. मी धावत जाऊन शेजारी बसले. लायसन्सचं वगैरे नंतर बघू, आता याला एकटं सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. गाडी तो छान चालवत होता, एका पायाने, अगदी सावकाश. मी बोलत होते, तो ऐकत नव्हता. कानोत्याला धरणाकडे वळायचा रस्ता येतो तिथे त्याने गाडी कडेला घेतली.

"ताई, उतर."

"का?"

"मला एकट्याला एकदा जायचंय. पुढच्या बस्सी गावापर्यंत. उतर ना."

याआधी एकट्याला कुठे जायचं म्हणून त्याने गोळ्या साठवल्या होत्या, ते मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यालाही. मीच इंजिनाला चाकं जोडून दिली होती. समोर मोकळा रस्ता, ट्रक, आणि याचा उजवा पाय. नाही उतरत म्हणायला मी तोंड उघडलं. मग वाटलं, नाही उतरले तर मी आयुष्यभर याच्या दाराशी मेथी निवडत बसणार, आणि हा आत. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं, त्यात मला काहीच वाचता आलं नाही. "फोन चालू ठेव," म्हटलं आणि उतरले.

गाडी अशी गेली की माझी ओढणी उडाली. क्षणात दिसेनाशी झाली.

मी कडेला उभी राहिले. बाजूला पेरूंची टोपली घेऊन एक अमरूदवाली बसली होती, ती म्हणाली, "बैठ जाओ, बहनजी." मला बसवेना. दुभाजकापलीकडे, बस्सीकडून येणाऱ्या गाड्या बघत राहिले. पांढरी, पांढरी, ट्रक, बस, पांढरी. आमची एकही नाही. आईचा फोन आला. "कुठं हा दोघं?" मी म्हटलं, "इथेच आहोत, येतो." "आवाज काहून असा तुझा?" "वारा आहे." फोन ठेवला आणि त्याला लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही. बस्सीला जाऊन यायला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला होता. मला देव आठवला नाही, बाबा आठवले नाहीत. एकच वाटत होतं, की मी कशाला उतरले, कशाला तो तांदूळ काढला, राहू दिला असता आत. गाडी अंगणात पडून राहिली असती आणि हा भिंतीकडे तोंड करून जिवंत असता. मी मोठ्याने रडायला लागले. अमरूदवाली उठून माझ्याजवळ आली.

मग पलीकडच्या रस्त्याला इंजिनाचा तो ओळखीचा आवाज आला. मी कशी धावले मला माहीत नाही. ट्रकवाल्याने कचकचून ब्रेक मारला, शिवी दिली, मी त्याला त्याहून मोठी दिली आणि दुभाजक ओलांडला. गाडी कडेला उभी होती. काच खाली. भावाचा चेहरा घामाने डबडबलेला आणि भयंकर चिडलेला.

"फोन का नाही उचललास?" मी किंचाळले.

"गाडी चालवताना फोन उचलतात का?" तो उलट माझ्यावर ओरडला. "आणि काय जोडलंयस तू हे? दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना केवढा झटका देतेय! पाच वेळा करून बघितलं. तिसऱ्याच्या क्लचला फट जास्त ठेवलीस तू. अंदाजाने बसवलीस ना? बसवलीसच. बस आत, बघत काय राहिलीस! पुढच्या आठवड्यात परत उतरवू, आणि या वेळी पट्ट्यांना हात लावायचा नाहीस, मी बसवणार."

मला आत बसताच येईना. मी दाराला धरून उभी होते आणि रडत होते. तो ओरडतच होता, आणि मला त्यातलं एकच ऐकू येत होतं, पुढच्या आठवड्यात.